तीन अधिक तीन बरोबर पाच

पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीत अगदी सुरुवातीलाच एक समीकरण भेटतं, जे ऐकून गणिताचे मास्तर छडी शोधायला लागतील: तीन अधिक तीन बरोबर पाच. 'थर्ड'वर आणखी एक 'थर्ड' ठेवला की 'फिफ्थ' होतो. 'ऑक्टेव्ह' म्हणजे आठवा, पण दोन ऑक्टेव्ह मिळून सोळावा नव्हे, पंधरावा स्वर येतो. कारण तसं साधं आहे. ज्या स्वरापासून मोजायला सुरुवात करायची त्यालाच 'एक' म्हणायचं, अशी ही जुनी मोजदाद. शून्याला तिच्यात जागा नाही. इथे स्वरांना सी, डी, ई अशी अक्षरांची नावं; सी ते ई जायला पायऱ्या दोनच चढायच्या, पण नाव 'तिसरा'. आणि दोन अंतरं जोडली की मधला सांध्याचा स्वर दोनदा मोजला जातो, म्हणून बेरीज एकाने कमी.

हे कारण मला शिकताना कुणी सांगितलं नाही. असं असतं, पाठ करा, एवढंच सांगितलं गेलं आणि मी इमानेइतबारे पाठ केलं. मेजर स्केलच्या पंधराही की-सिग्नेचर (कुठला स्वर चढा म्हणजे शार्प आणि कुठला उतरता म्हणजे फ्लॅट, हे ओळीच्या सुरुवातीला सांगणाऱ्या खुणा), म्हणजे एक कोरी, सात शार्पांच्या आणि सात फ्लॅटांच्या, लेखी परीक्षेत न चुकता काढल्या. मार्क झकास पडले. पुढे काही दिवसांनी एका जाणत्या वादकाने पियानोवर दोन स्वर एकदम वाजवले आणि विचारलं, "हे काय?" मी वाकून त्याच्या बोटांकडे बघायला लागलो. "बघू नकोस, ऐक," तो म्हणाला. तो फिफ्थ होता, अख्ख्या थिअरीतलं बहुधा सगळ्यात ठळक अंतर. मला ते ओळखता आलं नाही. कागदावर मात्र मी ते झोपेतही काढलं असतं.

थिअरी शिकावी की नाही, यावरचा वाद जुना आहे आणि मला तो बराचसा फुकाचा वाटतो. एका बाजूला 'थिअरीने उत्स्फूर्तता मरते' म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला 'पाया पक्का झाल्याशिवाय वाद्याला हात लावू नका' म्हणणारे. दोघांच्याही मनात थिअरी म्हणजे पाच रेषांचा कागद आणि त्यावरच्या काळ्या टिकल्या. माझं म्हणणं एवढंच आहे: थिअरी शिकावी, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाने शिकावी, पण आज ती जिथून शिकवायला सुरुवात करतात ती तिची शेवटची पायरी आहे. आधी आवाज कानात बसावा, मग त्याला नाव मिळावं, आणि चिन्ह सर्वांत शेवटी. शाळेत आपण 'स, ला, ते, स, ला, ना, ते' घोकलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून 'मला दे' म्हणत होतो. मराठीचा एक शब्दही कानावर न पडलेल्या माणसाला पहिल्या दिवशी विभक्तीचा तक्ता द्यावा, तसं हे चाललंय. तो तक्ता चुकीचा नाही. फक्त त्या माणसाजवळ अजून वाक्यच नाही.

म्हणजे नेमकं काय, ते करूनच बघू. समोर पेटी, की-बोर्ड किंवा फोनवरचा पियानो, काहीही चालेल. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकत्र दाबा. सी, ई, जी. हा सी मेजर कॉर्ड. चार-पाच वेळा वाजवा, मुक्काम म्हणून तो कानात मुरू द्या. आता पांढरी पाच, पांढरी सात आणि वरच्या सप्तकातल्या पांढरी दोन व पांढरी चार एकत्र दाबा: जी, बी, डी, एफ. आणि हात उचलून गप्प बसा.

बसवत नाही. शिंक येता येता अडकावी तसं होतं. अशा प्रकारचं संगीत ज्याने थोडंफार ऐकलंय, त्याच्या तोंडून नकळत एक स्वर निघतो आणि तो बहुतेक वेळा सी असतो. हे का झालं, हे आता त्याला जाणून घ्यायचंय. हीच वेळ शिकवण्याची. की-बोर्डाकडे बघा: पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे सगळीकडे काळी आहे, फक्त दोन ठिकाणी नाही. तीन आणि चारच्या मधे, म्हणजे ई-एफ, आणि सात व वरच्या एकच्या मधे, म्हणजे बी-सी. बाकी सगळ्या पूर्ण पायऱ्या, या दोन तेवढ्या अर्ध्या. मेजर स्केलचा अख्खा चेहरामोहरा या दोन अर्ध्या पायऱ्या कुठे पडतात त्यावर ठरतो. आपण मघाशी अर्धवट सोडलेल्या कॉर्डमध्ये बी आहे, त्याला अर्ध्या पायरीवरचा सी वर ओढतो. एफ आहे, त्याला अर्ध्या पायरीवरचा ई खाली ओढतो. दोघे एकमेकांपासून तीन पूर्ण पायऱ्यांवर, एकमेकांशी अजिबात न पटणारे. बी वर सरकला आणि एफ खाली उतरला की उरतात सी आणि ई, आपला मुक्काम.

आता नाव सांगा: 'डॉमिनंट सेव्हन्थ'. आता ते विसरणार नाही, कारण ते नाव एका अडकलेल्या शिंकेला चिकटलंय. हेच जर पुस्तकातल्या व्याख्येने सुरू केलं असतं, 'पाचव्या स्वरावर मेजर ट्रायड व त्यावर मायनर सेव्हन्थ', तर शब्दान् शब्द बरोबर असूनही हाती काय लागलं असतं? एका मार्काचा प्रश्न.

नोटेशन न येणाऱ्या मोठ्या कलाकारांची उदाहरणं थिअरीविरोधकांच्या तोंडावर असतात आणि त्यात बीटल्स पहिले. आपल्याला कुणालाच संगीत लिहिता-वाचता येत नव्हतं, हे पॉल मॅकार्टनी यांनी स्वतः सांगितलंय. पण त्यांनीच सांगितलेला दुसरा किस्सा ही मंडळी सोयीस्कर विसरतात. पोरवयात त्यांना गिटारवर ई आणि ए हे कॉर्ड येत होते, बी सेव्हन येत नव्हता. लिव्हरपूलमध्ये दूर कुठेतरी राहणाऱ्या कुणाला तरी तो येतो, असं कानावर आलं. ही पोरं बसने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, त्या माणसाकडून तो एक कॉर्ड शिकली आणि परत आली.

हा कॉर्ड कुठला? ई मेजरमधला डॉमिनंट सेव्हन्थ. बी, डी शार्प, एफ शार्प, ए. आपण वर जो अर्धवट सोडला, त्याचाच भाऊ, फक्त पट्टी वेगळी. मुक्काम आणि चौथ्याचा कॉर्ड हाताशी होता, पण परतीची ओढ लावणारा तिसरा सापडत नव्हता, आणि तो सापडत नाही हे त्यांच्या कानाला कळत होतं. त्या बसमध्ये बसून ती पोरं गेली ती थिअरीच्याच तासाला. फरक इतकाच की भूक आधी लागली होती. थिअरीवाचून मोठे झालेल्या माणसांची ही गोष्ट नाही. थिअरीचा एक तुकडा नेमक्या वेळी मिळाल्याची गोष्ट आहे.

दुसरा हुकमी दाखला फ्रेंच संगीतकार देबुसीचा. आपले जुने गुरू एर्नेस्ट गिरो यांच्याशी झालेल्या संभाषणात ते म्हणाले होते की थिअरी असं काही नसतंच, ऐकलं की झालं, आनंद हाच नियम. मोरीस एमान्युएल या त्यांच्या सहाध्यायाने ते टिपून ठेवलं, आणि तेव्हापासून आळशी विद्यार्थ्यांचं ते ब्रीदवाक्य झालं. पण बोलणारा कोण? 1872 साली, वयाच्या दहाव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरमध्ये, म्हणजे संगीताच्या विद्यालयात, दाखल झालेला, तिथे दहा वर्षांहून जास्त घासलेला आणि 1884 साली प्री द रोम हे मानाचं पारितोषिक मिळवलेला माणूस. त्याला नियम मोडताना कुठला नियम मोडतोय हे पक्कं ठाऊक होतं. 'ऐकलं की झालं' हे मात्र मला त्याच्याइतकंच पटतं. फक्त ते शिक्षणाच्या शेवटी नाही, पहिल्या तासाला म्हणायला हवं.

आणि यात नवीन काही नाही. ज्याच्या नावावर पाश्चात्त्य नोटेशनचं निम्मं श्रेय जमा आहे, तो अरेझ्झोचा गिदो हा अकराव्या शतकातला साधू, कानवालाच होता. त्याची अडचण व्यवहारातली होती. प्रार्थनेची शेकडो गाणी गाणाऱ्या पोरांना गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करावी लागत आणि त्यात वर्षानुवर्षं जात. त्याने एक स्तोत्र घेतलं, ज्याच्या पहिल्या सहा ओळींत प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वरून सुरू होते. ओळींची पहिली अक्षरं: उत्, रे, मी, फा, सोल, ला. हे गाणं पोरांच्या गळ्यात एकदा बसलं की अनोळखी चाल समोर आली तरी 'ही त्या कुठल्या ओळीसारखी सुरू होते' एवढं आठवायचं. पूर्वी दहा वर्षं लागायची ते काम वर्षाभरात, फार तर दोन वर्षांत होतं, असं त्याने आपल्या मित्राला, मिखाएल नावाच्या साधूला, लिहिलेल्या पत्रात म्हटलंय. या सहा अक्षरांत अर्धी पायरी एकाच जागी आहे, मी आणि फा यांच्यामध्ये. गाणाऱ्याला 'मी-फा' म्हटलं की ती जवळीक गळ्यात जाणवायची.

रेषांचंही तेच. गिदोच्या पद्धतीत एफची रेष लाल आणि सीची पिवळी असे. हेच दोन स्वर का? कारण या दोघांच्या लगेच खाली अर्धी पायरी आहे: ई-एफ आणि बी-सी. म्हणजे रंग सांगत होता, 'सांभाळ, इथे पाऊल लहान आहे'. आज रेषांच्या सुरुवातीला, कुठली रेष कुठल्या स्वराची हे सांगायला, जी खूण काढतात तिला क्लेफ म्हणतात; त्यातला बास क्लेफ हे जुन्या एफ अक्षराचंच वळणदार रूप आहे, आणि ट्रेबल क्लेफ जी अक्षराचं. आजचा विद्यार्थी पहिल्या दिवशी हे वेटोळं सुबक काढायला शिकतो. ते कशाची खूण होतं, हे त्याला वर्षभर कळत नाही. माझं वेटोळं फार सुरेख यायचं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

याला एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्याला ऑर्केस्ट्रात किंवा समूहगायनात उतरायचंय, त्याला वाचता यायलाच हवं, तेही झपाट्याने, आणि वाचनाचा हात लहानपणी बसतो तसा पुढे बसत नाही. खरं आहे. शिवाय चिन्हांमध्ये केवळ खुणा नसतात, अर्थही असतो. पियानोवर एफ शार्प आणि जी फ्लॅट ही एकच काळी तीन. मग दोन नावं कशाला, असं प्रत्येक नवशिका वैतागून विचारतो. 'दिन' आणि 'दीन' बोलताना बहुतेक जण सारखेच उच्चारतात, पण कागदावर एक दिवस असतो आणि दुसरा गरीब. तसंच इथे. एफ शार्प लिहिला की तो बहुधा वर जीकडे निघालाय, जी फ्लॅट लिहिला की खाली एफकडे. लिपी हे सांगते, पट्टी सांगत नाही. म्हणून मी लिपीच्या विरुद्ध नाही. पण 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक समजायला आधी दिवस आणि गरिबी ठाऊक असावी लागते. वाचन लवकर हवं असेल तर कानाचं काम त्याहूनही लवकर सुरू करावं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सेरा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी 'डो-रे-मी'वर आणि हाताच्या खुणांवर आधारलेली पद्धत उभी केली. पुढे हंगेरीत संगीतकार कोदाय यांच्या विचारांवर चाललेल्या शिक्षकांनी तीच उचलली. तिथेही गाणं आधी, कागद नंतर. त्यातून वाचणारी मुलं कमी नाही, जास्तच तयार झाली.

कागदापासून सुरुवात करण्याचा दुसरा तोटा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. छापलेल्या नियमाला निसर्गनियमाची कळा येते. 'समांतर फिफ्थ वर्ज्य' (दोन आवाजांनी फिफ्थचं अंतर राखून सोबत सरकू नये) हा हार्मनीच्या, म्हणजे स्वर एकत्र जुळवण्याच्या, वहीतला लाल शाईचा आवडता शेरा घ्या. कारण कुणी विचारत नाही. फिफ्थच्या दोन स्वरांच्या कंपनांचं गुणोत्तर तीनास दोन, म्हणून ते एकमेकांत फार छान मिसळतात. इतके की दोन गायक ते अंतर राखून सोबत वर-खाली गेले तर कानाला दोन गळे वेगळे ऐकूच येत नाहीत. जिथे चार स्वतंत्र आवाज विणायचे आहेत, तिथे त्यातला एक हरवणं हा दोष. तेवढ्यापुरता नियम शहाणपणाचा आहे. पण रॉकमधला गिटारवादक 'पॉवर कॉर्ड' गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवतो तेव्हा तो समांतर फिफ्थच वाजवत असतो, आणि त्याला हवा असतो तोच परिणाम: दोन स्वर मिळून एकच जाडजूड आवाज. तो नियम मोडत नाही. त्याला हवं ते वेगळं आहे. कारण कळलेल्या विद्यार्थ्याला हे दोन्ही एकाच तासात समजतं. नुसता शेरा मिळालेल्याला आयुष्यभर गिटारवाले अडाणी वाटत राहतात.

नियमांची पुस्तकं नादाच्या मागून, आणि बरीच मागून येतात. काउंटरपॉइंटचं, म्हणजे अनेक स्वतंत्र चाली एकत्र विणण्याच्या कलेचं, सर्वांत गाजलेलं पाठ्यपुस्तक योहान योझेफ फुक्स यांनी 1725 साली लिहिलं, गुरुशिष्य-संवादाच्या रूपात. त्यातला गुरू म्हणजे पालेस्ट्रिना हा इटालियन संगीतकार, जो 1594 सालीच वारला होता. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गायनाचे नियम. ते पुस्तक वाईट नाही. पुढे थोर संगीतकार झालेला तरुण हायडन त्याच्याच आधारे आपल्या आपण शिकला. पण ते एका माणसाच्या शैलीचं वर्णन आहे, वेद नव्हे.

की-बोर्डावरच्या बारा पट्ट्यासुद्धा तडजोड आहेत. शुद्ध फिफ्थ एकावर एक बारा वेळा चढवत गेलं तर दीड गुणिले दीड असं करत आपण 129.75 च्या जवळ पोहोचतो; दर ऑक्टेव्हला दुप्पट करत सात ऑक्टेव्ह चढलं तर नेमके 128. दोन्ही वाटा एकाच पट्टीवर यायला हव्यात, पण येत नाहीत. हा उरलेला तुकडा कुठे लपवायचा, यावर युरोपात शतकानुशतकं डोकी खपली. आज आपण तो बारा फिफ्थमध्ये सारखा वाटून टाकलाय. फिफ्थ त्यामुळे जेमतेम दोन सेंटने बिघडतो, पण मेजर थर्ड शुद्धापेक्षा सुमारे 14 सेंट चढा राहतो. अर्धी पायरी 100 सेंटची, यावरून अंदाज घ्या. आणि ज्या ए स्वरावर सगळे वाद्यं जुळवतात तो 440 हर्ट्झचा, हे 1939 साली लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. त्याआधी 1859 साली फ्रान्सने कायदा करून तो 435 वर बसवला होता. ज्या गोष्टीवर कायदा आणि परिषद लागते, ती निसर्गातून उतरलेली नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात कळावं. फिलिप युएल या अमेरिकन अभ्यासकाने 2019 साली थिअरीच्या विद्वानांसमोरच प्रश्न उभा केला की मूठभर युरोपीय संगीतकारांच्या रीतीला आपण नुसतं 'म्युझिक थिअरी' म्हणून कसं काय शिकवतो. त्यावर मोठं वादळ उठलं. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला मान्य नाहीत, पण पाटी बदलायला हवी हे मान्य आहे. 'अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची रीत' म्हटल्याने ती रीत लहान होत नाही, तिला पत्ता मिळतो.

मग सगळं उलटं का चाललंय? उत्तर कंटाळवाणं आहे: परीक्षा. लेखी पेपर एकाच वेळी शेकडो जणांचा घेता येतो, त्याचे मार्क दोन परीक्षक सारखेच देतात. कान तपासायला प्रत्येकाला वेगळं बसवावं लागतं, वेळ जातो, आणि 'गुणगुणला तो स्वर बरोबर होता की जरा चढा' यावर भांडणं होतात. जे मोजायला सोपं ते शिकवलं जातं. कानाची परीक्षा बहुतेक ठिकाणी असते, नाही असं नाही, पण तिचं वजन लोणच्याएवढं. माझा आग्रह आहे की तिला लेखीच्या बरोबरीने मार्क असावेत आणि तिच्यात नापास झालेला थिअरीत नापास धरावा. मी नापास झालो असतो. तेव्हाच झालो असतो तर बरं झालं असतं.

राहिला प्रश्न, पाच रेषा आणायच्या कधी. सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर याने लिहून ठेवलंय की नाद माणसाने स्मरणात धरले नाहीत तर ते नाहीसे होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. नोटेशन जन्मलं ते या हळहळीतून. शिकणाऱ्यालाही ती हळहळ एकदा वाटू द्यावी. कॉर्ड ओळखता यायला लागले, चार सुरांची का होईना स्वतःची चाल सुचायला लागली, की एक दिवस तो तोंड पाडून येतो: काल रात्री काहीतरी फार छान सुचलं होतं, सकाळी आठवतच नाही. त्या दिवशी पाच रेषांचा कागद त्याच्यापुढे ठेवावा.